पनामाची सही

रविवारी मटणानंतर कोल्हापुरात झोप लागत नाही, माणूस शरण जातो. पंख्याचा आवाज लांब जातो आणि पलंगाच्या पायथ्याशी हुपरीकर सर बसलेले दिसतात. सर आमचे शेजारी. उभा जन्म कॉलेजात अमेरिकेचं परराष्ट्र धोरण शिकवलं. अमेरिका पाहिली नाही. गेल्या श्रावणात वारले.

"काय सेक्रेटरी, संध्याकाळी सभा म्हणे?"

"हो सर. तुमच्या परसातली पट्टी कॉलनी घेतेय. पाण्याच्या टाकीसाठी. सगळ्यांच्याच भल्याचं आहे."

"अमेरिकेचे अध्यक्ष मन्रोसाहेबही भल्याचंच बोलले होते. युरोपनं इकडं फिरकू नये, म्हणाले. पुढं शेजाऱ्यांना सांभाळता सांभाळता निम्मा मेक्सिको आत आला."

आवाजात कुचकेपणा नाही. हजेरी घ्यावी तसं बोलतात. मी पहिल्या बाकावर आहे, वर्गात गुडघाभर पाणी आहे आणि फळ्यासमोरून एक जहाज सावकाश चाललंय.

"हा पनामा. कोलंबियापासून फुटायला अमेरिकेनं मदत केली आणि लगेच कालव्यासाठी मधली पट्टी घेतली. करारावर पनामाच्या वतीनं सही कुणाची?"

"पनामाच्या कुणाची तरी, सर."

"एका फ्रेंच गृहस्थाची. पनामाची माणसं वाटेत होती. ती पोचायच्या आत उरकून घेतलं."

जहाज पुढं सरकतं. त्याच्या मागं सरांचं परस आहे. त्यांच्या पत्नी सुमतीकाकूंचा मायाळूचा वेल आहे, आणि त्याच्या मधून कॉलनीनं टाकीसाठी काल आखलेली चुन्याची सरळ रेघ.

"हिच्या वतीनं सही कोण करतंय?"

"तुमचे पुतणे. पुण्याहून आलेत."

"आणि ही?"

"काकू निपाणीला, बहिणीकडं. उद्या येतील."

सर वेलाकडं वळतात.

"टाकी नको असं नाही रे. पाणी हिलाही लागतंच. पण आधी विचार तिला. नाही म्हणाली तर?"

"तर... दुसरीकडं बघू."

"एवढं म्हणायला अमेरिकेला विसावं शतक पुरलं नाही जवळजवळ. कालवा परत दिला नव्व्याण्णव साली." सर चपला काढतात. "ये, पुसू लाग."

आम्ही दोघं अनवाणी पायांनी रेघ पुसतो. सर दमतात. मी एकटा पुसत राहतो.

जाग येते तशी निपाणीला फोन लावतो.

"काकू, आजची सभा रद्द केली. टाकीचं तुम्ही आल्यावरच ठरवू."



"कुठली टाकी हो?"

मी पलंगावर बसून समजावू लागतो. बायको चहा घेऊन येते आणि दारातच थांबते.

"आंघोळीनंतर बाहेर गेला नाहीत ना तुम्ही? मग चादर चुन्यानं कशी माखली?"

मी पाय वर घेऊन बघतो. दोन्ही तळवे पांढरे आहेत.