चार पेल्यांचा चारमिनार

आमच्या शेजारी एक चाचा राहायचे, कचेरीत कारकून होते. निजामाच्या काळापासून फायली घेऊन त्यांचं हैदराबादला जाणं-येणं. म्हणून मास्तरीण व्हायच्या परीक्षेसाठी राजधानीचा इतिहास मला तेच शिकवायचे. शिकवायची रीत न्यारीच बघा. चहाचे चार पेले उभे केले की झाला चारमिनार. गोवळकोंड्याचा किल्ला शिकवताना तर मला घराच्या माळवदावर उभं करायचे आणि स्वतः खाली दारात टाळी वाजवायचे.

"आली का ऐकू, बेटी? तिथं बी अशीच वर ऐकू येती!"

सगळी गल्ली हसायची.

मला सगळं तोंडपाठ झालं, परीक्षा महिन्यावर आली, आणि त्याच दिवाळीत हैदराबाद राज्य मोडून आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. राजधानी मुंबई! मी डोळ्याला पदर लावला. म्हटलं, "चाचा, सगळं पाठांतर वाया गेलं."

"वाया कशाला? शहर जाग्यावरच हाय. आपण हाललो."

पण मुंबई त्यांनी कुठं बघितली होती? रोज संध्याकाळी मोटारस्टँडवर जाऊन ते मुंबईहून आलेल्या उतारूंना गाठायचे, उर्दूत टिपून आणायचे आणि मला मराठीत सांगायचे.

"गेटवे म्हणजे चारमिनारच समज. मिनार वजा कर अन् पुढं समुद्र ठेव."

मी तसंच लिहिलं आणि पास झाले. पेढे घेऊन गेले, तर पेढा हातातच धरून म्हणाले, "आता पुढल्या परीक्षेला दिल्ली असंल, न्हाय का? स्टँडवर दिल्लीचा माणूस घावायला जरा येळ लागंल बघ."