चौतीस घरांची उघडी फाईल

पाण्याच्या योजनांवर काम करणाऱ्या माणसाकडे पाणी सोडून सगळं साठतं. फायली साठतात, फोटो साठतात, पाईपचे तुकडे साठतात आणि किस्से तर इतके साठतात की अमळनेरला आमच्या ऑफिसात चहाला आलेला माणूस निदान दोन ऐकल्याशिवाय सुटत नाही. अठरा वर्षं झाली मला या कामात. संस्था छोटी, माणसं तीन, त्यातलं एक कायम रजेवर. म्हणजे खरी माणसं दोनच, मी आणि नाना.

नाना आमचे फील्ड सुपरवायझर. उभा जन्म पाईप जोडण्यात गेला. एरवी ऑफिसात अगदी पुस्तकी मराठी बोलतात, पण डोकं फिरलं की थेट अहिराणी. समोरचा कलेक्टर असो की कंडक्टर.

आज सांगतेय ते सगळं एकाच गावातलं. पारोळ्याच्या पुढचं गाव आहे, नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथे जायचं असतं! गावाला नळयोजना मंजूर झाली होती. ती नीट होते की नाही हे लोकांसोबत राहून बघायचं, हे आमचं काम. गाव संपलं की नाला, आणि नाल्यापलीकडे भिलाटी, भिल्लांची वस्ती. चौतीस घरं, एक हातपंप, आणि त्याचं मचूळ पाणी. योजनेच्या फाईलवर एकदा 'पूर्ण' असा शिक्का बसला की पुढची वीस वर्षं भिलाटीत काळं कुत्रंही फिरकणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून मी आणि नानांनी ठरवून टाकलं, भिलाटीत पाणी येईपर्यंत ही फाईल बंद होऊ द्यायची नाही. काय व्हायचं ते होऊ दे.

*

पहिला दिवस. ग्रामपंचायतीत टेबलावर योजनेचा नकाशा पसरलेला. ठेकेदाराचा इंजिनीअर पेन्सिल फिरवून दाखवतोय, इथे टाकी, इथून मेन लाईन, इथे शेवटचा नळ. दारात भिलाटीच्या जिजाक्का उभ्या होत्या. वय साठीच्या पुढे, अंगाने काटकुळ्या, बोलायला कमी. त्या आत आल्या, बराच वेळ नकाशाकडे बघत राहिल्या आणि विचारलं, "आमनं घर कोठे शे यामा?"

इंजिनीअरने पेन्सिल नाल्यापर्यंत आणली. नाला कागदाच्या अगदी काठावर. पुढे कागदच नव्हता. जिजाक्कांनी काठापासून वीतभर पुढे, उघड्या टेबलावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आम्ही आठे राहतस."

मी त्याच दुपारी दुकानातून ड्रॉइंगचा कागद आणला, नकाशाला सेलोटेपने जोडला आणि नाना आणि मी मोजायची टेप धरून चौतीस घरं त्यावर काढली. पुढच्या महिन्यात तालुक्याच्या सरकारी ऑफिसातून विचारणा झाली, मंजूर नकाशा परस्पर मोठा कसा झाला?

मी सांगितलं, "साहेब, गाव तेवढंच होतं. नकाशा लहान होता."

*

मोजमापाच्या त्याच दिवशी एक गोष्ट घडली. ती मी लोकांना हसत हसत सांगते, पण मला आतून कधी हसू आलेलं नाही.

मे महिना, भर दुपार. टेप गुंडाळून जिजाक्कांच्या ओट्यावर बसले. त्यांनी तांब्या आणून दिला. मी तांब्या बाजूला ठेवला आणि पिशवीतली माझी बाटली काढून घटाघट प्यायले. सवयच होती. बाटली संपल्यावर वर बघितलं तर जिजाक्का माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही, आपण एखादा हिशेब जुळतो का बघतो तशा.

"तू बी आमनं पानी पेत नही," त्या म्हणाल्या. "मंग कोनले सांगशी?"

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. तोवर आठ वर्षं मी लोकांना शुद्ध पाण्यावर भाषणं देत होते, पण इतकी शरम मला कुणी आणली नव्हती. तांब्या उचलला आणि सगळा प्यायले. पुढचे तीन दिवस काय झालं ते विचारू नका! नानांनी ऑफिसच्या हजेरीत माझ्या नावापुढे शेरा मारला, 'ताई फील्डवरून आल्या, अजून फील्डवरच आहेत.'

तेव्हापासून मी बाटली नेत नाही. आणि पोट बिघडलं की त्या दिवशी सरकारी ऑफिसला जरा जास्त कडक पत्र लिहिते.

*

आता नाल्याचा किस्सा. ठेकेदाराने लेखी दिलं की नाला ओलांडून पाईप नेणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही. पाहणीला तालुक्याचे उपअभियंता आले. नाल्याच्या काठावर सगळे उभे. ठेकेदार समजावतोय, पुराला वेग फार, काठ ठिसूळ, खर्च परवडत नाही, वगैरे. साहेब मान डोलवतायत. सरपंचही डोलवतायत.

नाना हळूच पन्नास पावलं पुढे गेले आणि तिथून हाक मारली. आम्ही गेलो. झुडपाआडून चांगला चार इंची पाईप, सिमेंटच्या खांबांवर ऐटीत नाला ओलांडून पलीकडच्या कपाशीत गेलेला. शेत सरपंचांचं. पाईप जोडून सहा पावसाळे उलटले होते.

नाना तोपर्यंत अहिराणीत शिरले होते. "हाऊ पाईप काय पव्हत गया का, साहेब?"

साहेबांना खोकल्याची उबळ आली. सरपंचांना एकदम आठवलं की त्यांना पारोळ्याला मार्केटला जायचंय. तांत्रिक अडचणीचा कागद त्यानंतर फाईलमध्ये मला कधी दिसला नाही.

*

पण ठेकेदार म्हणजे काय हलका माणूस नव्हता. नाल्याचं काम तो पुढे ढकलत राहिला आणि एके दिवशी भिलाटीत ट्रॅक्टर भरून नळ आले. चौतीस घरांसमोर चौतीस खांब, प्रत्येक खांबाला चकचकीत तोटी. खाली पाईप नाही! नुसते खांब रोवले, फोटो काढले आणि गेले.

भिलाटीतल्या बायांनी आठ दिवस वाट पाहिली, मग खांबांचा उपयोग शोधला. शेळ्या बांधायला असा भक्कम खांब त्यांना आजवर मिळाला नव्हता.

महिन्याचा प्रगती अहवाल मला भरायचा असतो. त्यात रकाना होता, 'बसवलेले नळ'. मी लिहिलं, चौतीस. पुढचा रकाना, 'वापर सुरू आहे काय?' मी लिहिलं, 'होय. शेळ्या, सरासरी दोन प्रति नळ.'

मला वाटलं कुणी वाचणार नाही. सरकारी अहवाल कोण वाचतं? पंधरा दिवसांनी पत्र आलं, रीतसर जावक क्रमांकासह. 'सदर योजनेत शेळ्यांचा समावेश कोणाच्या मंजुरीने करण्यात आला याबाबत खुलासा सादर करावा.'

ते पत्र मी फ्रेम करून ऑफिसात लावलंय. नानांच्या खुर्चीच्या बरोबर वर.

*

यानंतर मला फोन यायला लागले. आधी गोड. मग आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना फोन गेले आणि अध्यक्षांचा मला आला, "जरा जमवून घ्या ना ताई, एवढं ताणू नका." बाहेरच्यांच्या धमकीने मला काही होत नाही, पण घरच्या माणसाने असं म्हटलं की फार लागतं.

मग एका गृहस्थांनी समोर बसवून सांगितलं, "तुमची बदली करायला लावू आम्ही."

मी म्हटलं, "संस्थेत बदली नसते, भाऊ. आणि झालीच तरी नरडाण्याला पाठवा, अमळनेरला ठेवा, नाहीतर सातपुड्यात टाका. पाण्यासाठी भांडायला माणूस सगळीकडे लागतो."

*

फाईल बंद करायला शेवटी ग्रामसभेचा ठराव लागतो. लोक म्हणाले की पाणी मिळालं, तरच योजना पूर्ण. ग्रामसेवकांनी ठराव टाईप करून आणला होता. सभेत भरभर वाचला, "गावातील सर्व कुटुंबांना नळाद्वारे शुद्ध पाणी मिळत असून," आणि हात वर करा म्हणाले. पुढच्या रांगांतले हात वर झाले.

भिलाटीच्या बाया सगळ्यात मागे, भिंतीला टेकून बसल्या होत्या. जिजाक्का उठून उभ्या राहिल्या. त्या गावात ग्रामसभेत उभं राहून बोललेली भिलाटीतली बाई मी तरी पाहिली नव्हती.

"बठ्ठासमा आम्ही शेतस का नही," त्या म्हणाल्या, "एवढं पह्यले सांगा."

बठ्ठा म्हणजे ठरावातले 'सर्व'. हो म्हणावं तर चौतीस घरं कोरडी, आणि नाही म्हणावं तर ते लिहून द्यावं लागणार. ग्रामसेवक घामाघूम. त्यांनी 'सर्व'च्या जागी 'बहुतेक' सुचवलं. मी म्हटलं, "बहुतेक म्हणजे कोण कोण, तेवढं कंसात लिहा." तासभर वाद झाला आणि अखेर ठरावात शब्द चढले, 'भिलाटीतील चौतीस घरे वगळून'.

वगळून तर वगळून! त्या चार शब्दांमुळे फाईल अडली. आता ती बंद करायची तर कुणीतरी मोठ्या साहेबाने स्वतः येऊन भिलाटीतला नळ चालू बघणं भाग होतं.

*

आणि साहेब आले.

जिल्ह्याहून गाडी येणार म्हणून मी आणि नाना सकाळीच भिलाटीत पोचलो. बघतो तर अंगणवाडीच्या स्लॅबवर नवीकोरी काळी टाकी. तिच्यातून एक पाईप मागच्या भिंतीने खाली उतरून मातीखालून जिजाक्कांच्या अंगणातल्या खांबाला जोडलेला. पहाटे टँकर येऊन गेला होता. नाल्यावर मात्र अजून एक खड्डाही नव्हता.

माझं डोकं भणाणलं. साहेब उतरल्या उतरल्या सगळं ओरडून सांगायचं, असं ठरवून मी निघाले. जिजाक्कांनी माझा दंड धरला. म्हणाल्या, तू फक्त गप्प राहा. नाना बिचारे काही न सुचून नुसते टोपी काढत-घालत होते.

साहेब आले. जिजाक्कांनी स्वतः ओवाळलं. नारळ फुटला. ठेकेदाराने तोटी फिरवली आणि धो धो पाणी! टाळ्या झाल्या, मोबाईलवर फोटो निघाला. साहेबांनी पेन काढलं, ठेकेदाराच्या माणसाने काखेतली फाईल पुढे केली.

जिजाक्का मध्ये आल्या. त्यांनी साहेबांना विनवलं की आमच्या वस्तीत पहिल्यांदा मोठा माणूस आलाय, चहा घेतल्याशिवाय कसं जाऊ देणार? खाट आधीच नळाशेजारी टाकलेली होती. साहेब माणूस भला, बसले. पेन हातातच.

चहा आला. तेवढ्यात एक बाई हंडा घेऊन आली, नळाखाली लावला, भरला, गेली. मग दुसरी आली. मग तिसरी. बघता बघता सगळ्या भिलाटीची रांग लागली, प्रत्येक घरामागे एक हंडा. कुणी घाई करत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं.

ठेकेदार जिजाक्कांजवळ सरकला. हसून म्हणाला, आता नळ बंद करा अक्का, पाणी वाया चाललंय.

"वाया कसं जाई, भाऊ?" जिजाक्का म्हणाल्या. "हंडामा जाय राह्यनं."

साहेब खूश होऊन हसले. म्हणाले, भरू द्या, त्यांचंच पाणी आहे. दुसरा चहा आला. मग भाजलेल्या शेंगा आल्या. जिजाक्का साहेबांना त्यांच्या गावचं, मुलाबाळांचं विचारत राहिल्या. मी मनात हंडे मोजत होते. चौदा. पंधरा. सोळा. ठेकेदाराने दोनदा अंगणवाडीच्या स्लॅबकडे बघितलं.

एकोणिसावा हंडा भरता भरता धार बारीक झाली. कसाबसा तो काठोकाठ झाला. विसाव्या बाईने हंडा लावला, तर तोटीतून नुसती हवा आली, मग दोन थेंब, मग तेही नाही. टाकीसुद्धा अर्धीच भरली होती पठ्ठ्याने!

बाई हंडा तसाच नळाखाली धरून बसून राहिली.

"लाईट गेली असेल," ठेकेदार म्हणाला.

साहेबांनी मान वळवून अंगणवाडीच्या उघड्या दारातून आत बघितलं. आत पंखा फिरत होता. त्यांनी शेंगांची टरफलं झटकली आणि उठायला लागले.

"बसा साहेब," जिजाक्का म्हणाल्या. "आजून पंधरा घरे बाकी शेतस."

साहेबांनी रांगेकडे बघितलं. रिकामे हंडे घेऊन बाया उभ्या होत्या, एकही हलली नव्हती. मग त्यांनी पेनाला टोपण लावलं, पेन खिशात ठेवलं आणि खाटेवर परत बसले.