बापांच्या वर्गात लूम सुरू!

मित्रांनो, लेकीला घरी बायकोकडे ठेवलं आणि थेट सायबर कॅफे गाठलं. हे आजच सांगायला हवं!

कडोदऱ्याजवळच्या आमच्या गावातल्या आरोग्य केंद्रात आज बाळाला आंघोळ घालायचा वर्ग होता. फक्त बापांसाठी! आम्ही सगळे खानदेशातून इकडे कामाला आलेले. आई, सासू सगळ्या तिकडे गावी. मग बाळाचं करायला बायकोच्या मदतीला कोण? म्हणून नर्सबाईंनीच ही शक्कल काढली.

बाकी सगळे लूम, म्हणजे यंत्रमाग चालवणारे, मी एकटा लूमच्या कारखान्यातला कारकून. लेंगा वर करून, पाय पसरून बसलो. बाईंनी छकुलीला माझ्या पायांवर पालथं घातलं. पहिला तांब्या पडला आणि तिनं भोकाड पसरलं! मी गाणं म्हटलं, बाईंनी खुळखुळा वाजवला. छे! मला तर घामच फुटला.

शेजारी बसलेल्या भिकनदादानं विचारलं, "भाऊ, राहता कुठे?"

"कारखान्याच्या वरच्या खोलीत."

"मंग आठे तिले सुनं लागी ऱ्हायनं ना!" म्हणजे इथे लूमचा आवाज नाही, म्हणून तिला सुनंसुनं वाटतंय!

आणि तो जमिनीवर थापा मारत सुरूच झाला, "खटाखट, खटाखट!" बाकीचे बापही सामील झाले. अख्ख्या वर्गाचा लूम झाला!

छकुली गप्प. टुकूटुकू बघत राहिली आणि चक्क हसली!

त्या खटाखटीला शिव्या घालत मी रोज कानात कापूस घालून झोपतो. माझ्या लेकीची ती अंगाई निघाली. आज कापूस नाही घालणार.

तुमची पोरं कशानं शांत होतात हो?