विकास नगरातला पट्टकृमी

विमान लखनौवर खाली येऊ लागलं तेव्हा विरळ धुक्यातून मोहरीची पिवळी शेतं आणि वीटभट्ट्यांची धुराडी दिसली. एरवी मी खिडकीला नाक लावून बसले असते. पण धाकट्या बहिणीचा, नंदाचा फोन डोक्यातून जात नव्हता. "ताई, अनिकेतला फिट आली. डॉक्टर म्हणतात, मेंदूत पट्टकृमीच्या अळ्या आहेत. लगेच ये, आणि कुणाला सांगू नकोस." साताऱ्याच्या कॉलेजात मी जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, पण सख्ख्या भाच्याबद्दल हे ऐकून त्यातलं काही आठवेना, तिकीट तेवढं काढलं.

सरोजिनी नगरच्या बाजूला विमानतळाबाहेर नंदाचे यजमान, विनायकराव, उभे होते. बँकेतल्या बदलीनं इथं आले आणि इथलेच झाले. उचलताना माझ्या बॅगेचा दांडा तुटून त्यांच्या हातात राहिला, तरी हा बडबड्या माणूस हसला नाही. कानपूर रोडवर गाड्या हलेनात. "भैया, जरा जल्दी का रास्ता लो," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"मैडम, जल्दी वाला रास्ता तो सबने पकड़ रखा है," तो म्हणाला.

मग विनायकराव हळूच बोलले. "ताई, पोरानं बाहेर डुक्कर खाल्लंय. चिनहटला कारखान्यात नोकरी करतो ना, तिथले मित्र, दुसरं काय! आपल्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही. हे येणार कुठून?"

विकास नगरातल्या घरी अनिकेत स्वेटर घालून दिवाणावर पडला होता. सव्वीस वर्षांचा पोरगा, मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देतो. "मावशी, मैंने नहीं खाया. पापा मान ही नहीं रहे." त्याची ताट-वाटी नंदानं वेगळी काढली होती. मला ते बघवेना.

सकाळी नंदाबरोबर बाजारात गेले. कचालू (मसाला लावलेल्या पेरूच्या आणि उकडलेल्या कंदांच्या फोडी) बघून तोंडाला पाणी सुटलं. शेजारी एकजण चिखलानं माखलेले मुळे बादलीत बुचकळून ढिगावर रचत होता. बादलीतलं पाणी चहाच्या रंगाचं.

"कच्ची खाइए बहनजी, एकदम धुली हुई है," त्यानं मुळा पुढे केला. एरवी तिथेच कचकन चावला असता. त्या दिवशी हात मागे घेतला आणि काय झालं असावं ते माझ्या डोक्यात आलं.

जेवायला बसलो. कोशिंबीर विनायकरावांनी केली होती. काकडी, मुळा, हिरवी मिरची. या घरात ती रोज तेच करतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. मी वाटी बाजूला सारून बोलायला लागले. डॉक्टरांनी समजावलं असेलच, पण 'सूअर' हा शब्द कानावर पडल्यावर या घरानं पुढचं काही ऐकलं नव्हतं.

"पट्टकृमी हा चपटकृमींच्या संघातला," मी म्हटलं. "स्पंज, हायड्रा यांच्या थोडा वरचा, एवढंच. तोंड नाही, आतडं नाही. दुसऱ्याच्या आतड्याला डोक्यानं चिकटतो आणि अंगानंच अन्न शोषतो. डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्लं की तो पोटात वाढतो. पण मेंदूत गाठी होतात त्या मांसानं नाही. ज्याच्या पोटात कृमी आहे त्याच्या शौचातून अंडी पडतात. ती हाताला, भाजीला लागून ज्याच्या पोटात जातील, त्याच्या मेंदूत गाठी. मांस एकानं खायचं, झटका दुसऱ्याला. अनिकेतनं डुक्कर खाल्लं असं यातून मुळीच ठरत नाही."

नंदा पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. "देखा?" एवढंच अनिकेत म्हणाला. मी मनातल्या मनात मुळेवाल्याला आरोपी करून मोकळी झाले होते.

तेवढ्यात विनायकरावांनी विचारलं, "ताई, ती अंडी... पांढऱ्या चपट्या तुकड्यांत असतात का? भोपळ्याच्या बीएवढ्या?"

तुकड्यांबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते. "तुम्ही कुठं पाहिलेत?" तोंडातून निघून गेलं, आणि विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

"संडासात," ते ताटाकडे बघत म्हणाले. "बऱ्याच दिवसांपासून. वाटलं, मूळव्याधीचं काहीतरी असेल."

नंदा आधी त्यांच्याकडे आणि मग कोशिंबिरीच्या वाटीकडे बघत राहिली. काही सांगायची गरजच उरली नाही. तपासणीतही तेच निघालं, कृमी विनायकरावांच्या पोटात होता.

परतताना अनिकेत टॅक्सीतून मला सोडायला आला. गाडी चालवायची त्याला बंदी आहे. "पापा ने बता दिया," तो म्हणाला. "बैंक के टूर पे दोस्तों के साथ खाया था. खाने का गुस्सा नहीं है मावशी. लेकिन मुझसे आई के सर पे हाथ रखवाके कसम खिलवाई. तीन बार. खुद खाके."

विनायकराव वाईट नाहीत, हे मी आजही म्हणेन. पण जे आपण केलं तेच मुलाच्या माथी मारताना या माणसाची जीभ कशी रेटली, हे मला अजून कळलेलं नाही.

साताऱ्यात येऊन आता बरेच दिवस झाले. विनायकरावांचा कृमी गोळी घेतल्यावर पडला, त्यांचं भागलं. अनिकेतच्या फिटच्या गोळ्या किती चालतील, डॉक्टर सांगत नाहीत. तो वडिलांशी एक शब्द बोलत नाही. काल नंदाचा फोन आला. "ताई, तुझं तो ऐकतो. बाबांना माफ कर म्हणून सांग ना त्याला." तिनं फोन त्याच्या हातात दिला.

"बोलो मावशी," तो म्हणाला.

"आजची गोळी घेतलीस का रे?" मी विचारलं.