खड्ड्याची अंघोळ

माघ सरत आला की आमच्या गल्लीतले कडुलिंब झडायला लागतात. पाटोद्याच्या कडेची ही वस्ती. प्रत्येकानं सावलीसाठी दारात एक तरी झाड लावलेलं. सावलीचं कौतुक सगळ्यांनाच, पण झडलेल्या पाल्याचं काय करायचं हे गल्लीनं कधीचंच ठरवून टाकलेलं होतं. सकाळी झाडायचं, ढीग करायचा, काडी लावायची आणि चहा प्यायला आत जायचं. घंटागाडीवाला पाला घेत नाही. "कचरा टाका, आख्खं झाड नका टाकू," म्हणतो आणि गाणं वाजवत पुढं जातो.

तो धूर माझ्या नवऱ्याच्या छातीत जायचा. त्यांनी गेवराईकडच्या एका जिनिंगमध्ये जन्म काढला, कापसाचा बारीक तूस नाकातोंडात घेत. काम सुटल्यावर घरी येताना एक छत्री, एक डबा आणि ती खराब झालेली छाती घेऊन आले. बीडच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, फुप्फुसं आता सुधारायची नाहीत, धूळ आणि धूर टाळा, म्हणजे दिवस वाढतील. ऐन फाल्गुनात आमच्या गल्लीत धूर टाळायचा म्हणजे नाक काढून खुंटीला टांगायचं का, हे मात्र डॉक्टरांनी सांगितलं नाही.

आधी मी भांडले. माझी जीभ तिखट आहे, हे अख्ख्या गल्लीला माहीत आहे. पण समोरचे गुरुजी तोंडावर "हो काकू" म्हणायचे आणि मी अंगणवाडीत गेले की ढीग पेटवायचे. मग मी भांडण सोडलं आणि अंगणात खड्डा खणून घेतला. दारोदार जाऊन सांगितलं, तुमचा पाला माझ्या दारात आणून टाका, पण पेटवू नका. माणसं भांडणाऱ्या बाईचं ऐकत नाहीत, फुकट राबणाऱ्या बाईचं लगेच ऐकतात. आठवडाभरात पोत्यांची रांग लागली.

पाला कुजवणं मला नवीन नव्हतं. माहेरी उकिरड्याला मान होता, दिवाळीत आई तिथंही पणती लावायची. पाल्याचा एक थर, त्यावर शेणकाला, वर माती, एवढंच काम. पण त्याला ओल लागते, आणि ओलीचाच आमच्याकडं वांधा. नळ कधी येईल याचा भरवसा नाही, उन्हाळ्यात टँकर. कोरडा पाला वर्षभर तसाच पडून राहतो. प्यायच्या पाण्याची कळशी पाल्यावर ओतायला माझा हात काही धजेना.

तोडगा त्यांनीच काढला. "मी रोज अंघोळ करतोच की. त्ये पानी मोरीत कावून घालवायचं?" म्हणाले. अंघोळीचा दगड अंगणात आणून टाकला, भोवती जुन्या साड्यांचा आडोसा केला, आणि दगडापासून खड्ड्यापर्यंत खुरप्यानं एक पाट काढला. वीतभर उकरायचे, धाप लागली की बसायचे, पुन्हा उकरायचे. मी खुरपं मागितलं तर देईनात. साबणही सोडला, खड्ड्याला सोसणार नाही म्हणे. बेसन लावून अंघोळ करायला लागले. मी म्हणायचे, नवरदेव होऊन बसला, आता भजी तळायचीच बाकी राहिली. ते आडोशामागून ओरडायचे, "खड्ड्याची अंघोळ झाली गं!"

दोन फाल्गुन आमच्या गल्लीत पाल्याचा धूर झाला नाही. ते खिडकी उघडी टाकून झोपायचे. खड्ड्यातून काळंभोर खत निघालं, गल्लीतल्या बायका गुलाबाला, परसातल्या भाजीला म्हणून पाट्या भरून घेऊन गेल्या. मला फार गर्व झाला होता. एका माणसाचा श्वास मी पोत्यांत भरून राखलाय, असंच मला वाटत होतं.

तिसऱ्या फाल्गुनात खड्डा काठोकाठ भरला. उरलेली पोती मी भिंतीला लावून ठेवली आणि आतला पाला मऊ पडावा म्हणून त्यांवर भांड्यांचं पाणी शिंपडत राहिले. होळीच्या दिवशी बाजार करून आले तर भिंत मोकळी.

"पोती कुठं गेली?"

"गल्लीतली मानसं आल्ती होळीला मागायला. दिली."

"कावून दिली? तुमाला कळतंय का काई?"

ते खाटेच्या कडेला बसले होते. खाली बघत म्हणाले, "होळीला मागितल्यावर न्हाई म्हनू का? दोन वर्सं झाली, माज्यापायी गल्लीत काडी पेटंना. लोक मला बघून काडीपेटी लपवत्यात. मला लई वंगाळ वाटतं गं. एक दिवसाचं तर हाय."

आमच्याकडं होळीला मागितलेलं लाकूड, गोवरी, काडी कुणी नाकारत नाही, हे खरं. पण माणूस स्वतःचा श्वास उचलून देतो का?

संध्याकाळी चौकात होळी पेटली. गोवऱ्या छान पेटल्या, मग वर आमची पोती रिकामी केली. पाला आतून ओला होता, मीच ओला ठेवला होता. तो जळेना, नुसता धुमसत राहिला. वारा पडलेला. पांढरा धूर घरांच्या उंचीवर बसला आणि हलेना. बाहेर बोंबा चालल्या होत्या. मी खिडकीला ओली चादर लावली, दाराच्या फटीत फडकी कोंबली. ते खाटेची कड दोन्ही हातांनी धरून बसले होते. मी म्हटलं, "घ्या आता, गल्लीला खूश केलंत ना?" ते हसले की खोकले, ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना बीडला नेलं. गुरुजींनीच गाडी केली, रस्ताभर मागं वळून बघत होते. ऑक्सिजन लावला, थोडं बरं वाटलं, घरी आणलं. पाडवा झाला आणि ते गेले.

त्यांची शेवटची अंघोळ त्याच दगडावर घातली. आडोशाच्या साड्या कुणीतरी काढून टाकल्या होत्या. मडक्यातलं पाणी अंगावरून घरंगळून पाटाला लागलं आणि खड्ड्याकडं निघालं. माझ्या दिराच्या ते लक्षात आलं. त्यांनी घाईनं पायानं माती ओढून पाट बुजवला. "वैनी, तिथलं खत भाजीला घालता तुमी," असं हळूच म्हणाले. मी खाली बसले आणि हातानं ती माती बाजूला केली. पाणी रोजच्यासारखं खड्ड्यात गेलं. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. नवऱ्यासाठी रडण्याआधी मला त्यांचा राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. मला न विचारता पोती देऊन टाकली त्यांनी, म्हणून.

त्या साली खत चांगलं झालं. पण कुणी मागायला आलं नाही. मीच ते सगळं कडुलिंबाच्या बुडाशी घातलं.

यंदा माघ सरला, झाडं झडली. एक दिवस गुरुजी दारात आले. माणूस वाईट नाही. चप्पल काढून उभे राहिले आणि अवघडून म्हणाले, "काकू, रागावू नका. आता घरात खोकनारं कुनी न्हाई... तर आमी आमचा पाला आमच्या दारातच पेटवला तर चालंल का? तुमाला उगी तरास."

माझा तिखटपणा कुठं गेला होता कोण जाणे. मी एवढंच म्हटलं, "पोतं आनून टाका."

ते आणून टाकतात. बाकीचे पेटवतात. खड्डा पुन्हा भरत आला आहे, पण पाला कुजत नाही, हात घातला की कुरकुर वाजतो. माझ्या एकटीच्या अंघोळीत एवढी ओल होत नाही. टँकर आला की कळशीकळशीवरून बायकांची भांडणं होतात, त्यांत मीही भांडते, सगळ्यांच्या वर आवाज काढून. आणि सकाळी माझी अंघोळ झाली की आणखी एक बादली भरून त्या दगडावर नेते, आणि तिथं कुणी बसलंय असं समजून वरून सावकाश ओतते.