चहा हुंगणारा पेशंट

आज दुपारपासून डोक्यात एकच कप फिरतोय, म्हणून इथे लिहितेय.

मी मानसोपचाराची डॉक्टर. जुईनगरहून एक काकू तिशीतल्या मुलाला घेऊन आल्या. आम्ही आधी घरच्यांकडून हकीकत घेतो. काकू म्हणाल्या, "फार संशयी झालाय. चहासुद्धा हुंगून पितो. आणि चहा तर मीच करते, सुनेला हातही लावू देत नाही."

मग मुलाशी एकट्याशी बोलले. बोलणं सरळ, तारीख-वार बरोबर. हळूच म्हणाला, "मॅडम, आई चहात कायतरी टाकते. कडू लागतो."

'संशयाचा भ्रम' लिहायला पेन उचललं आणि थांबले. सुनेला हात का लावू देत नाहीत?

बाहेर जाऊन काकूंना स्पष्टच विचारलं. त्या कुजबुजल्या, "आधीच्या डॉक्टरांची गोळी हो. तो घेतच नाही, मग काय करणार? त्याला सांगू नका हां!"

आत आले. तेवढ्यात कॅन्टीनचा चहा आला. सवयीने मी एक कप त्याच्यापुढे सरकवला.

त्याने कप हुंगला नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "आईने तुम्हाला काय सांगितलं?"

तुम्ही काय उत्तर दिलं असतं?