बोर्डामागचे सहा फूट

बाहेरून टेप लावला तेव्हा इमारतीची दर्शनी बाजू एकेचाळीस फूट भरली. आतून तिन्ही गाळे मोजले, भिंतींची जाडी मिळवली, तर बेरीज पस्तीस. मी पांडू मिस्त्रीवर चिडले, कारण टेपचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं. वीस वर्षं तो माझ्याबरोबर आहे, त्यामुळे तो चिडत नाही.

"म्याडम, तुमीच मोजा," तो म्हणाला.

मी मोजलं. पस्तीसच.

मी रोह्याची. स्ट्रक्चरल ऑडिट करते, म्हणजे जुन्या इमारतीची तब्येत तपासून ती उभी राहण्याच्या लायकीची आहे का ते लेखी देते. मालकांना तब्येतीशी घेणंदेणं नसतं, सर्टिफिकेट हवं असतं. पेणच्या बाजारपेठेतल्या या कौलारू इमारतीला ऑडिटची नोटीस आली होती आणि मालक सदाकाका सकाळपासून माझ्या मागे मागे फिरत होते. पंचाहत्तरीचे गृहस्थ, मागच्या दोन खोल्यांत एकटे राहायचे.

"चांगली हाय असं लिवा नि मोकळ्या व्हा," ते म्हणाले. "बाबांच्या वेळचं काम हाय."

"सहा फूट कुठे गेले, काका?"

"जुन्या भिंती जाड असतात."

भिंती नऊ इंची होत्या. मी मोजल्या होत्या आणि ते त्यांनाही माहीत होतं.

मधल्या गाळ्यात शबानाचं केकचं दुकान. तिचे मिस्टर दुबईहून कायमचे परत आले, तेव्हापासून घर या दुकानावर चाललं होतं. डोलवीच्या कंपनीतली माणसं शिफ्ट सुटली की वाढदिवसाचे केक न्यायला इथे थांबायची. दुकान चालत होतं. तिची तक्रार तिच्या पाठीमागच्या भिंतीबद्दल होती.

"मॅडम, हितं खुर्चीत बसलं की पाठीला गार लागतं," ती म्हणाली. "मे महिना हाय. मी खुर्ची सरकवून पण बघितली. तरी वाटतं कोणतरी बघतंय."

भिंतीवर खांद्याच्या उंचीला ओलीचा गोल डाग होता. तीनदा रंग दिला, तीनदा तो वर आला. या गाळ्यात कोणी टिकत नाही, हे मला समोरच्या केमिस्टनेही आपण होऊन सांगितलं. कॅसेटवाला होता, त्याच्या कॅसेटला बुरशी यायची. मग एसटीडी बूथ, मग झेरॉक्स, त्याचा कागद मशीनमध्ये चिकटायचा. मोबाइल रिपेअरवाला तर सामान न नेताच गेला. सगळ्यांनी कारणं वेगवेगळी सांगितली, पण जाण्याआधी प्रत्येकाने खुर्चीची जागा बदलली होती. मला असल्या गोष्टींचा राग येतो. ओलीला कारण असतं आणि ते पाणी असतं.

मी ओळंबा सोडला. दोरीला बांधलेलं वजन, भिंत सरळ आहे की नाही ते सांगतं. भिंत दीड इंच शबानाच्या बाजूला फुगली होती. हातोडीने ठोकलं तर भरीव आवाज येईना. खाली तडा होता. त्यावर काचेची बारीक पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवली. भिंत हलली तर काच तुटते. काच मालकाचं तोंड बघून बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी काच तुटलेली होती.

मी शबानाला गाळा रिकामा करायला सांगितलं. ती खुर्ची धरून उभी राहिली.

"एकदा भायेर पडले की परत कोण घेणार मला? चार जण गेले हितनं. मी नाय जाणार."

"भिंत तुमच्या अंगावर येईल."

"मग भिंतीचं कायतरी करा. त्यासाठीच आलात ना?"

तिचं बरोबर होतं. मला लाजच वाटली. पांडूने भिंतीला टेकू दिले आणि आम्ही रस्त्यावर आलो. मधला आणि तिसरा गाळा यांच्यामध्ये मोठा फ्लेक्स होता, मोबाइल कंपनीचा. ती जागा कुठल्या दुकानाची आहे हे मी आदल्या दिवशी विचारलंच नव्हतं. बाजारात बोर्ड दिसला की त्याच्यामागे दुकान आहे असं आपण धरून चालतो.

फ्लेक्स काढला. त्याच्यामागे झेरॉक्सचा पत्रा. त्याच्यामागे एसटीडीचा पिवळा बोर्ड. त्याच्यामागे लाकडी फळी, तिच्यावर हाताने रंगवलेली कॅसेट. दुपारचे दोन वाजले होते. पेणची बाजारपेठ त्या वेळी जेवायला घरी जाते. शटर खाली, रस्ता रिकामा, आणि आम्ही एकेक दुकान सोलत होतो. शेवटची फळी निघाली तेव्हा मागे दाराची चौकट होती, विटांनी चिणलेली. विटांवर हळदकुंकू होतं. कुंकू ओलं होतं.

पांडू दोन पावलं मागे सरकला. बोर्ड आणि विटा यांच्यामध्ये कडेला हात जाईल एवढी फट राहत होती. माझी नजर तिच्याकडे आणि मग समोरच्या पायरीवर बसलेल्या सदाकाकांकडे गेली.

"रोज सकाळी लावतो," ते म्हणाले. "फोडू नका."

"काका, आत काय आहे ते सांगा, नाहीतर मी इमारत धोकादायक लिहून जाते. मग सगळंच फुटेल."

त्यांनी एका दमात सांगून टाकलं. तो त्यांच्या बाबांचा गणपतीचा कारखाना. पेणला गणपतीच्या मूर्ती करणारी जागा केवढीही असो, तिला कारखानाच म्हणतात. डोळे सगळ्यात शेवटी काढतात, त्याला आखणी म्हणतात. चाळीसेक वर्षांपूर्वी बाबा आखणीला बसले, पहिल्या मूर्तीचा एक डोळा काढला आणि जागच्या जागी गेले.

"डोळे नसले तर ती माती. दोन्ही काढले तर देव," सदाकाका म्हणाले. "एक काढलेला असला तर काय, सांगा? मातीत टाकता येत नाय, पूजता येत नाय. बापाची अर्धी आखणी मुलानंच पुरी करायची, आमच्यात असंच हाय. माझा हात बसलेला नव्हता. मी घाबरलो. चौकट चिणली नि गाळे भाड्यानं दिले."

पांडू पुढे येईना, म्हणून वरच्या दोन विटा मीच काढल्या. टॉर्च आत धरला. सहा फूट रुंदीची बोळासारखी खोली. वरचे पत्रे गंजलेले, दोन्हीकडच्या छपरांचं पाणी वर्षानुवर्षं आत उतरलेलं. शाडूची पोती शबानाच्या भिंतीला लावून रचलेली होती. ती पाणी पिऊन फुगली होती आणि एका विटेची ती भिंत ढकलत होती. म्हणजे ओलीचं कारण पाणीच. माझं म्हणणं खरं ठरलं होतं. तरी मला बरं वाटेना.

फळ्यांवरच्या मूर्ती ओलीने विरघळल्या होत्या. सोंडा गळून पोटावर चिकटलेल्या, चेहरे नुसते गोळे. एकच मूर्ती धड होती, कारण तिच्यावर रंगाचा हात बसला होता. ती पोत्यांच्या चळतीवर शबानाच्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. एक डोळा कोरा, दुसरा पूर्ण, काळाभोर, कालच काढल्यासारखा. मी मनातल्या मनात अंतर मोजलं. माझ्या सवयीने घात केला. कॅसेटवाल्यापासून शबानापर्यंत जो कोणी तिथे पाठ करून बसला, त्याच्या पाठीपासून तो डोळा हातभर लांब होता.

मूर्ती हलवल्याशिवाय पोती काढता येत नव्हती, आणि पोती काढल्याशिवाय भिंत वाचत नव्हती. पांडूने आणि त्याने कामाला बोलावलेल्या चार माणसांनी हात वर केले.

"अर्ध्याला आमी हात लावत नाय," पांडू म्हणाला. "दुसरं काय पण सांगा."

गाळ्यातल्या तड्यावर मी नवीन काच लावली होती. आम्ही बोलत असतानाच ती तुटली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला. शबाना आपल्या दुकानातून बाहेर आली आणि सदाकाकांसमोर उभी राहिली.

"चाचा, एका डोळ्याचं काम हाय. माझं सगळं त्याच्यावर थांबलंय."

ते उठले. घरातून बाबांची ब्रशांची पेटी घेऊन आले. आम्ही चौकट माणूस जाईल एवढी उघडली. अशा जागेत कोणालाही एकट्याने आत सोडायचं नाही, असा नियम आहे. मी टॉर्च धरून त्यांच्यामागे उभी राहिले. त्यांनी ब्रश दोनदा मूर्तीपर्यंत नेला आणि दोनदा मागे घेतला. तिसऱ्यांदा टेकला आणि मग उचलला नाही. डोळा झाला. पहिल्यासारखा नव्हता, जरा वर, जरा म्हातारा. मला भीती वाटत होती, ती त्या क्षणी गेली असं लिहायला आवडलं असतं. उलट वाढली, कारण आता ते दोन डोळे नक्की कुठेतरी बघत होते.

मूर्तीचं त्याच संध्याकाळी भोगावती नदीत विसर्जन केलं. सदाकाका लहान पोरासारखे रडले. पोती निघाली, भिंत नव्याने बांधली, पत्रे बदलले. ते सहा फूट शबानाच्या दुकानात मिळवले आणि तिथे तिने काचेचं कपाट ठेवलं. तिची खुर्ची मात्र आता रस्त्याकडे पाठ करून असते, त्या सहा फुटांकडे ती पाठ करत नाही. मी कारण विचारलं नाही.

रिपोर्टमध्ये मी 'बंद जागेत पाण्याची गळती' एवढंच लिहिलं. ते खोटं नाही. माझ्या फॉर्ममध्ये मात्र तेव्हापासून एक रकाना वाढवलाय: इमारतीतला बंद केलेला भाग कोणता, आणि आत काय आहे? बहुतेक मालक तिथे घाईघाईने 'काही नाही' असं लिहितात. तपासणी मी तिथूनच सुरू करते.